वायरमनला कुणी विचारेना

ऑफिसात त्याला सगळे वायरमन म्हणत. विजेच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. घरचा बल्ब उडाला तर तो बायकोच्या तोंडाकडे बघायचा. पण नाव पडलं ते पडलं, आणि सहज पडलं नव्हतं. मालकाने स्वतः ठेवलं होतं, आणि त्याला ते मनातून फार आवडायचं.

कंपनी छोटी. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि मोजून पाच माणसं: मालक, वायरमन, प्रोग्रॅम लिहिणारे, जाड चष्म्यांचे दोघे भिंगवाले आणि फोन घेणाऱ्या ताई. रक्त तपासणाऱ्या लॅबना लागणारा प्रोग्रॅम ते बनवायचे. लॅबवाल्याने आकडे भरायचे आणि पेशंटच्या मोबाइलवर रिपोर्ट जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण रिपोर्ट लिहिणाऱ्या भागाला डॉक्टरांची सही लागते. सहीच्या भागाला डॉक्टरांची यादी लागते. यादीला डेटाबेस लागतो, डेटाबेसला पासवर्ड लागतो. एक रिपोर्ट काढायचा तर आधी या चार गोष्टी बनवायच्या, त्याही बरोबर क्रमाने, आणि एकेक उचलून पुढचीच्या हातात द्यायची. वायरमनने अकरा वर्षांपूर्वी हे सगळं हाताने जोडलं, आणि तेव्हापासून जोडतच आला होता. सगळं एकाच फाइलमध्ये. फाइलचं नाव 'जोडणी', लांबी चार हजार ओळी, आणि त्या ओळी त्याला तोंडपाठ.

त्यामुळे व्हायचं असं की नवं पान करायला घेतलं की कुणीही असो, त्याच्या खुर्चीपाशी यायचाच.

"वायरमन, सहीचा भाग कुठून घेऊ?"

तो लगेच सांगायचा नाही. हातातला चहा संपवायचा, कप खाली ठेवायचा, चष्मा पुसायचा. मग म्हणायचा, "दोन हजार एकशे बारा. पण आधी यादी उघड, नाहीतर आपटशील."

समोरचा मान डोलवत जायचा आणि वायरमनची छाती दोन बोटं फुगायची. रजेवर असला तरी फोन यायचे. एकदा तर तो दातांच्या डॉक्टरांकडे जबडा उघडून पडला होता आणि भिंगवाल्यांपैकी एकजण कानात विचारत होता, "अठराशे की एकोणीसशे? अठराशे असेल तर एकदा हं म्हणा." त्याने एकदा हं म्हटलं. ही गोष्ट त्याने पुढे निदान पन्नास जणांना सांगितली असेल. बायकोला मात्र हे फोन डोळ्यांसमोर नकोत. ती त्याच दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची, आणि त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते ती विसरली नव्हती.

मग ऑफिसात प्रोग्रॅम लिहायला ती आली. चौतिशीची असेल, मोठ्या कंपनीतून आलेली, आवाज बारीक, चाल भराभर. पहिल्याच दिवशी तिने मालकाला दादा म्हटलं नाही, भिंगवाल्यांना म्हटलं नाही, फक्त वायरमनला म्हटलं. त्यालाही बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात तिने 'जोडणी' फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "दादा, एवढं सगळं तुम्ही डोक्यात ठेवता? कमाल आहे. पण हे आपल्याला करायची गरजच नाही. प्रोग्रॅमचा तयार सांगाडा वापरतो ना आपण, त्या फ्रेमवर्कमध्येच कंटेनर आहे की."

कंटेनर म्हणजे काय ते तिने फळ्यावर लिहून दाखवलं. प्रत्येक भागाने आपल्याला काय काय लागतं एवढंच सांगायचं. ते बनवायचं, क्रम लावायचा, नेऊन हातात द्यायचं, हे काम कंटेनरचं. कुणी कुणाला शोधत जायचं नाही.

"आणि एकच गोष्ट दहा जणांना लागली तर?" मालकाने विचारलं.

"लॅबमध्ये वजनकाटा सगळ्यांना एकच असतो," ती म्हणाली, "पण सुई प्रत्येकाला नवी काढतात. कंटेनरला तेवढं सांगून ठेवायचं, कुठली वस्तू काट्यासारखी आणि कुठली सुईसारखी."

मालकाने टेबलावर थाप मारली. "वा! अकरा वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी कळलं!"

वायरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथे. कंटेनरचं त्याला एवढं काही वाटलं नव्हतं. त्याबद्दल त्याने वाचलेलंही होतं, आणि आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलेलं होतं. झोंबलं ते सुई आणि काटा. लॅबवाल्यांबरोबर अकरा वर्षं ऊठबस त्याची, आणि दाखला सुचला हिला! शिवाय मालक त्याच्याकडे बघून हसला होता. चांगल्या मनाने हसला असेल, पण हसला होता.

तिने एकेक भाग 'जोडणी'तून काढून कंटेनरकडे द्यायला सुरुवात केली. फाइल चार हजारांवरून तीन हजारांवर आली, मग दोनवर. रोज सकाळी वायरमन आधी ती उघडून ओळी मोजायचा, घरातलं कुणी आजारी असावं तशा तोंडाने. आणि हळूहळू त्याला दुसरंच काहीतरी मोजायची सवय लागली. पूर्वी दिवसाला वीस-पंचवीस प्रश्न येत. दुसऱ्या महिन्यात अकरा आले. मग चार. एका बुधवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न आला, तो फोनवाल्या ताईंचा: "पंखा कमी करू का?"

भिंगवाल्यांचं तर काय विचारता. पूर्वी ज्याच्या चहाची ते वाट बघत उभे राहायचे, त्याच्यासमोरून आता शीळ घालत जायचे. एकजण म्हणाला, "वायरमन, तुम्ही पण सुटलात आणि आम्ही पण." आपण अडकलो होतो कधी, हे वायरमनला समजेना.

घरी त्याने बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता फोन यायचे नाहीत?"

"नाही येणार."

"देव त्या बाईचं भलं करो."

"तुला कळत नाही त्यातलं. उद्या बंद पडलं तर उघडणार कोण? ते कंटेनर आत काय करतं, तिलाही धड माहीत नसेल."

"तुमच्या फाइलमध्ये काय होतं ते तरी कुणाला माहीत होतं?" बायको कपडे घड्या करता करता म्हणाली. "पोटात दुखतंय तुमच्या, बाकी काही नाही."

दुखत होतंच. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ती ऑफिसचा जिना चढून येताना तिच्या चपलांचा आवाज आला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. तिने डब्यातलं काही पुढे केलं तर पोट भरलंय म्हणायचा, आणि मग चारपर्यंत भुकेने कासावीस व्हायचा. ती चुकावी असं त्याला मनापासून वाटायचं. तिला वाईट म्हणायला एक कारण मिळालं असतं तरी त्याला झोप लागली असती, पण बाई वाईट नव्हती. हीच तर पंचाईत होती.

गुरुवारी सकाळी मालकाने सगळ्यांना बसवून सांगितलं की सोमवारपासून सगळ्यात मोठ्या लॅबला नवा प्रोग्रॅम सुरू. मग वायरमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि यांना आता खुशाल पंधरा दिवस रजा देऊ. अकरा वर्षांत दोन दिवसांच्या वर घेतलेली नाही बिचाऱ्याने. आता यांच्यावाचून काही अडत नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवत होती, सगळ्यांत जोरात. वायरमन हसला, आणि ते हसू पुसायला त्याला दुपार झाली.

चारच्या सुमाराला ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.

"दादा, रिपोर्ट लिहिणारा भाग आज कंटेनरकडे दिला. शेवटचा मोठा भाग हाच. तुम्ही एकदा नजर टाकाल? मी दुसऱ्या कुणाला दाखवला नाही. यातलं खरं तुम्हालाच कळतं."

तीन महिने तो याच प्रश्नासाठी झुरत होता. पण कानात सकाळच्या टाळ्या होत्या. "ठेव, बघतो," म्हणाला, तिच्याकडे न बघता.

ती गेली. त्याने उघडलं आणि एका मिनिटात त्याला दिसलं. रिपोर्ट लिहिणारा भाग तिने काट्यासारखा ठेवला होता, सगळ्यांना एकच. कारण होतं, अक्षरांचे सगळे साचे, म्हणजे फॉन्ट, तो आधी भरून घ्यायचा, आणि ते दर वेळी करायचं म्हणजे वेळ जाणार. इथवर ठीक. पण त्या भागाला लागणाऱ्या गोष्टींत तिसऱ्या ओळीवर होतं: चालू पेशंट. म्हणजे सुई. सकाळी पहिला पेशंट येईल, कंटेनर हा भाग बनवेल आणि तो पेशंट त्याच्या हातात देईल. पुढे दिवसभर तोच भाग सगळ्यांना मिळणार, आणि त्याच्या हातात तोच पहिला पेशंट. एकच सुई, सगळ्या लॅबला.

तपासताना हे कुणाला दिसणार नव्हतं. तपासणारा प्रोग्रॅम नव्याने चालू करतो, एका पेशंटचा रिपोर्ट काढतो, बरोबर आला म्हणून बंद करतो. वायरमनला दिसलं त्याचं कारण वेगळं. अकरा वर्षांपूर्वी, अगदी सुरुवातीला, हाताने जोडताना त्याने स्वतः हीच चूक केली होती. लॅबकडे जायच्या आदल्या दिवशी नशिबाने सापडली होती, आणि ती त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्याने शेजारच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: "हा एकच ठेवलास तर पहिला पेशंट यात अडकून बसेल." वाचलं. समोर ती भिंगवाल्यांना काहीतरी सांगत होती आणि ते दोघे तोंड उघडं टाकून ऐकत होते. वायरमनने लिहिलेलं एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकलं आणि 'मंजूर'वर बोट दाबलं.

"बघितलंत, दादा?" तिने लांबूनच विचारलं.

"बघितलं. ठीक आहे."

"हुश्श! तुम्ही म्हणालात ना, मग मला काळजी नाही."

त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा पेशंट नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याच्या डोळ्यांसमोर मालकाची खोली होती. सोमवारी काहीतरी गोंधळ होईल, हिची पाचावर धारण बसेल, मालक धावत बाहेर येईल आणि म्हणेल, वायरमन, बघा हो जरा. मग तो चहा संपवेल, कप खाली ठेवेल. एवढंच त्याने बघितलं होतं, आणि ते इतकं गोड दिसत होतं की शनिवारी तो घरात गुणगुणत फिरत होता.

"काय हो," बायकोने विचारलं, "नोकरी सोडली का तिने?"

सोमवारी साडेनऊला लॅबचा फोन आला. ताईंनी फोन घेतला, ऐकलं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. लॅबच्या खिडकीपाशी एक बाहत्तर वर्षांचे आजोबा मोबाइल नाचवत उभे होते आणि विचारत होते की मी गरोदर आहे असं यात लिहिलंय, तर पुढे काय करायचं? भिंगवाले खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मालकही हसला. वायरमन तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला वाटलं, किती छान, कुणाचं काही बिघडलं नाही आणि काम झालं.

ती हसली नाही. तिने एकापाठोपाठ एक चार रिपोर्ट उघडले. "नाव ज्याचं त्याचं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "नाव अजून जुन्या फाइलमधून येतं. पण आकडे सगळ्यांचे एकच आहेत. सकाळी सातला पहिली एक बाई आली होती, तिचे. एक्केचाळीस रिपोर्ट गेलेत."

खोलीतलं हसू विझलं. मालक वायरमनकडे वळला आणि अगदी मनात योजलेलं तेच वाक्य म्हणाला, "वायरमन, बघा हो जरा."

त्याने चहा संपवला नाही. चहा घेतलाच नव्हता. एक शब्द बदलायला त्याला दोन मिनिटं लागली, आणि नाटक म्हणून त्याने आठ मिनिटं जास्त घेतली. रिपोर्ट बरोबर यायला लागले. मालक म्हणाला, "शेवटी जुनं माणूस ते जुनं माणूस." ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड उतरलेलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दादांनी बघितलं होतं, पण इतकी बारीक गोष्ट कुणाच्याही नजरेतून सुटली असती. त्यांना काही बोलू नका."

वायरमनने चष्मा काढून पुसायला घेतला.

मालकाने एक्केचाळीस नावं सहा जणांत वाटली. प्रत्येकाला फोन करायचा, माफी मागायची, रिपोर्ट चुकला आहे, नवा येतोय म्हणून सांगायचं. वायरमनच्या वाट्याला सात आले. तिलाही सात, आणि तिने स्टूल त्याच्याच टेबलाशी ओढून घेतलं, कारण दुसरा फोन तिथे होता. पहिल्या पाच जणांपैकी तिघे हसले, एकाने झापलं, एकाने रिपोर्ट बघितलाच नव्हता. सहावा नंबर त्याने फिरवला आणि समोर एकदम खुशीतला आवाज आला.

"लॅबमधून का? अहो, मीच फोन करणार होतो तुम्हाला! साखर नॉर्मल! नऊ वर्षांत पहिल्यांदा! बायकोला म्हटलं, बघ, रोज चालतोय त्याचं फळ."

"काका, रिपोर्ट पूर्ण वाचलात का? खाली एक..."

"खालचं कशाला वाचू? मला हवं ते वरच होतं. आज इन्सुलिनला सुट्टी दिली. बायको नको म्हणत होती, तिला रिपोर्टच दाखवला."

त्याने समोरच्या पडद्यावर काकांचे खरे आकडे उघडले. साखर चारशेच्या जवळ होती.

"काका, माझं ऐका. तो रिपोर्ट तुमचा नाही. तुमची साखर खूप वाढलेली आहे. आत्ता, फोन ठेवल्याबरोबर तुमच्या डॉक्टरांना फोन करा. काकू आहेत ना तिथे? त्यांना द्या."

मग काकूंनी फोन घेतला. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, खरा आकडा लिहून घ्यायला लावला, डॉक्टरांचा नंबर आहे ना ते विचारलं. त्या हो हो म्हणत होत्या. मग फोन पुन्हा काकांकडे गेला. आवाजातली सगळी हवा गेली होती.

"म्हणजे काही कमी झालेलीच नाही."

"नाही, काका."

"इतकं बरं वाटलं होतं हो." काका थांबले. "कुणाची चूक झाली ही?"

रागाने विचारलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं, माणूस वेळ विचारतो तसं.

"माझी," वायरमन म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला दिसलं की ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"दादा, असं कशाला केलंत? माझी चूक तुम्ही कशाला अंगावर घ्यायची?"

म्हणजे खरं बोलूनही तो मोठाच ठरत होता. आता गप्प बसला असता तर ही बाई जन्मभर त्याला मान देत राहिली असती, मालकही, भिंगवालेही. तीन महिने हेच तर त्याला हवं होतं. पण कानात ते "इतकं बरं वाटलं होतं" अजून घुमत होतं, आणि तिच्या भरल्या डोळ्यांकडे बघवेना.

"अंगावर घेतली नाही," तो म्हणाला. "गुरुवारी मला दिसलं होतं. लिहिलंही होतं. मग पुसलं."

तिला आधी समजलंच नाही. "काय दिसलं होतं?"

"तिसरी ओळ. चालू पेशंट. मला वाटलं, तुझी फजिती व्हावी. सगळे तुझ्याकडेच जायला लागले होते. मला कुणी काही विचारत नव्हतं."

तिने डोळे पुसले. राग येईल, आरडाओरडा करेल, मालकाला हाक मारेल, म्हणून तो मान खाली घालून बसला. तिने तसलं काही केलं नाही. आपल्या यादीतला पुढचा नंबर फिरवायला तिने फोन उचलला, आणि तो कानाला लावण्याआधी एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं, दादा."